तारेला लावायचे राहिलेले दोन रॉड

त्यांच्या दारात चपला काढायच्या आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्निअरही काढून ठेवायचा, असा नियम होता. चपलांसाठी फळी होती आणि फळीच्या वर, व्हर्निअर अडकवायला, एक खिळा. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या रविवारी मी माझा आकडे दाखवणारा डिजिटल व्हर्निअर शर्टाच्या खिशाला अडकवून ऐटीत आत शिरायला गेलो, तर ते उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"ते मोजायचं यंत्र बाहेर."

"काका, मापं घ्यायला लागेल ना."

"काका म्हणू नका. काका कुणीबी होतं. फिटर म्हणा. फिटर व्हायला मला नऊ वर्षं लागली."

तेव्हापासून मीही बाकीच्यांसारखा त्यांना फिटरच म्हणू लागलो. मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात उभी नोकरी काढून ते नाशिकरोडला, जेलरोडच्या आतल्या अंगाला, एका बैठ्या घरात राहायला आले होते. घरात ते, काकू आणि एक रेल्वे. काकूंना काकू म्हटलेलं चालायचं.

रेल्वे म्हणजे खेळण्यातली नव्हे. छातीच्या उंचीवर भिंतींना फळ्या ठोकून त्यांनी रूळ टाकले होते. रूळ बाहेरच्या खोलीतून निघायचे, भिंतीला पाडलेल्या भोकातून स्वयंपाकघरात शिरायचे, तिखटमिठाच्या डब्यांमागून वळसा घालून पुन्हा बाहेर यायचे. त्यांवर वीतभर लांबीची इंजिनं धावायची आणि ती सगळी हाताने केलेली असायची. पितळेचा पत्रा कापून अंग, छोट्या लेथवर कातून चाकं, कानशीने घासून बाकी सगळं. विकतचं म्हणजे फक्त मोटर आणि वायर. काकूंनी आधी ह्या प्रकाराला कडाडून विरोध केला होता म्हणे. मग एकदा घरी पाहुणे जेवून बसलेले असताना काकूंनीच मालगाडीच्या डब्यात लवंगा-वेलदोडे भरून गाडी बाहेर सोडली, आणि तेव्हापासून ती कामालाच लागली. "बडीशेप सोड गं," असं फिटर बाहेरून ओरडायचे आणि गाडी घुर्रघुर्र करत बडीशेप घेऊन यायची. तेवढ्यात काकू चारदा चालत येऊन गेल्या असत्या.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे, चुकले असतील तर लाल खूण करून परत पाठवायचे, हे माझं काम. वीस वर्षं करतोय. ह्या वीस वर्षांत स्वतःच्या हाताने मी एक वस्तू केली नव्हती, आणि पंचेचाळिशी जवळ आल्यावर ते मला अचानक टोचायला लागलं. आमच्याच कॉलनीतले एक गृहस्थ, ज्यांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, रविवारी फिटरांकडे इंजिन करायला जायचे. आम्ही त्यांना बागाईतदार म्हणतो. त्यांनीच मला तिथे नेलं.

"साहेब कशात असता?" फिटरांनी विचारलं.

"क्वालिटीत."

"म्हणजे दुसऱ्याची चूक हुडकायची नोकरी. हितं स्वतःची हुडकावी लागंल."

पहिले तीन रविवार त्यांनी मला एका पितळी ठोकळ्याला नुसतं घासायला लावलं. "कानस पुढं जाताना कापती. मागं येताना उचलायची. मागं घासली का तिचे दात मरतात." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की घरी दाढी करताना माझा हात परतीला आपोआप उचलला जायला लागला. काकू खोबरं किसायला बसल्या तरी बाहेरून आवाज जायचा, "मागं येताना उचल!" आणि आतून उत्तर यायचं, "एकदा किसणी तुमच्या नाकावरून फिरवते, मग सांगा उचलायची का नाही ते."

एकदा ते मला पत्रा घ्यायला भांडी बाजारात घेऊन गेले. दुकानदाराने चार पत्रे पुढे टाकले, तर हे प्रत्येक पत्रा कोपऱ्याला धरून, नखाने टिचकी मारून, कानाशी नेऊन ऐकत बसले. दुकानात बाकी गिऱ्हाईकं खोळंबली. दुकानदार वैतागून म्हणाला, "बाबा, पितळ आहे ते, पेटी नाही." फिटर म्हणाले, "पेटी असती तर तू वाजवली असती. गप बस." शेवटी त्यांनी निवडलेला पत्रा मला तर बाकीच्यांसारखाच दिसला.

त्यांच्या खिडकीला एक जाड तार होती. किराणा दुकानात जुनी बिलं टोचून ठेवतात तशी, खाली आकडा वळवलेली. ज्याच्या हातून जो तुकडा बिघडेल त्याने त्या तुकड्यावर स्क्रायबरने, म्हणजे रेघा मारायच्या पोलादी सुईने, स्वतःचं नाव कोरायचं आणि तो तारेत ओवायचा. तुकडा फेकायची परवानगी कुणाला नव्हती. "फेकला का तीच चूक परत घरात येती," असं त्यांचं म्हणणं. वाऱ्याने तार किणकिणायची. त्या तारेवर सगळ्यात जास्त वेळा नाव कुणाचं होतं म्हणाल, तर त्यांचंच. बागाईतदारांनी मला पहिल्याच दिवशी ते दाखवलं होतं, आणि फिटर तिकडे बघून लाजल्यासारखं हसले होते.

नवं इंजिन पुरं झालं की एक समारंभ असायचा. इंजिन रुळावर ठेवायचं आणि फिटर त्याच्याकडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. इंजिन स्वयंपाकघरातून फेरी मारून आलं की क्षणभर थांबून म्हणायचे, "हाताचं हाय." मग ते इंजिन उलटं करून पोटाखाली स्वतःची बारीक खूण कोरायचे, गोलातला फ. नाशिकमध्ये हा छंद असलेले आम्ही दहा-बारा जण आणि पुण्या-मुंबईचे काही. ह्या एवढ्याशा जगात त्या खुणेला मोठी किंमत होती. ती खूण असलेल्या इंजिनाला पुढे कुणी काही विचारत नसे.

हे सगळं मी हसत सांगतोय. पुढचं सांगायला तोंड नाही, म्हणून जरा रेंगाळतोय हेही खरं.

माझं पहिलं इंजिन शंटिंगचं होतं. यार्डात डबे पुढेमागे ढकलतं ते बुटकं डिझेल, ज्याची तिन्ही चाकं बाहेरून एका लांब दांड्याने जोडलेली असतात. त्या दांड्याला साइड रॉड म्हणतात, दोन्ही बाजूंना एकेक. नवशिक्याला हे सोपं, असं बागाईतदार म्हणाले होते. अंग खरंच सोपं गेलं. सोपं म्हणजे सात महिने गेले, पण झालं. साइड रॉडनी मात्र माझी पुरती जिरवली.

फिटरांची रॉड करायची रीत अशी. लोखंडाच्या दोन पट्ट्या डाखाने एकमेकींना चिकटवायच्या. वर मोरचुदाचं पाणी फिरवायचं, म्हणजे लोखंडावर तांब्याची पातळ लाली चढते आणि मारलेली रेघ स्वच्छ दिसते. मोरचूद बागाईतदार आणायचे, द्राक्षांच्या फवारणीतलं उरलेलं. मग त्या जोडपट्टीला एकच दांडा समजून भोकं पाडायची, घासायचं, आणि शेवटी गरम करून दोन्ही सुट्ट्या करायच्या. चाकं ज्यात बसतात त्या चौकटीची भोकंही ह्याच रॉडवरून पाडायची. "तुमचं माप चुकणारच हाय," ते म्हणायचे. "पण दोघांची चूक सारखी असली आन चौकटीत बी तीच असली, का गाडी चालती."

माझ्या चार जोड्या तारेवर गेल्या. पाचवी जमली. तिच्यावरून चौकटीची भोकं पाडली, चाकं बसवली, आणि अगदी शेवटचा हात मारताना कानस निसटून एका रॉडचा कान, म्हणजे भोकाभोवतीची गोल कड, तुटला. फिटर शांतपणे म्हणाले, "नाव काढा. चौकटीवरून माप घ्या आन सहावी करा." नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात दर वर्षी आम्हा छंदवाल्यांचा मेळा भरतो. तो तीन आठवड्यांवर आला होता. मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्धवट इंजिनाचा फोटो टाकून बसलो होतो. कंपनीत सांगून झालं होतं. बायकोने माहेरी सांगितलं होतं.

त्याच सुमारास मला आणखी एक गोष्ट कळली होती. फिटर चहा ओतताना काकू न बोलता कप सरकवायच्या, आधी डावीकडे, मग जरा पुढे. ते रेघ बघायची वेळ आली की म्हणायचे, "तुम्ही वाचा, माझा चष्मा आत हाय." चष्मा त्यांच्या नाकावर असायचा. एका रविवारी फाटकापाशी काकूंनी मला थांबवलं. "भाऊ, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण कुठे बोलू नका. लोक आंधळा फिटर म्हणतील हे त्यांना सोसायचं नाही."

मी काकूंना शब्द दिला. आणि तो देताना माझ्या मनात जे आलं ते आज लिहितो. मनात आलं, म्हणजे आता त्यांना दिसणार नाही.

मी घरी चौकट मोजली. माझ्याच वाकड्या भोकांची मापं व्हर्निअरने बिनचूक घेतली, कॉम्प्युटरवर चित्र काढलं आणि आमच्या कंपनीला माल देणाऱ्या एकाकडून दोन रॉड लेसरने कापून आणले. त्याला दोन मिनिटं लागली. चुकीच्या मापाचेच रॉड, पण तंतोतंत चुकीच्या मापाचे, त्यामुळे ते चपखल बसले. बाहेरच्या कडा मी पॉलिश पेपरने घासून घेतल्या. भोकांच्या आत घासायचा कंटाळा केला.

रविवारी इंजिन रुळावर ठेवलं. फिटर पाठ करून उभे राहिले. इंजिन स्वयंपाकघरात गेलं, डब्यांमागून आलं, जराही अडखळलं नाही.

"कानस कुठली घेतली?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"सहा इंची. बारीक."

"किती दिस घासलं?"

"रोज कंपनीतून आल्यावर. दोन आठवडे."

ते वळले. चेहऱ्यावर असा काही आनंद होता की माझ्याकडे बघवेना. आत तोंड करून म्हणाले, "अगं ऐकलंस का? साहेबांना हात आला." काकूंनी मालगाडीतून साखर पाठवली. फिटरांनी इंजिन उलटं केलं आणि बोटाने जागा चाचपून गोलातला फ कोरला. गोल जरा फाकला. मी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि "हाताचं हाय" हे शब्द ऐकून घेतले.

मेळ्यात आमची इंजिनं एका लांब टेबलावर मांडली होती. दुपारी पुण्याचे एक पाहुणे आले. जाणकार माणूस, खिशात भिंग बाळगणारा. माझ्या इंजिनाशी ते जरा जास्तच वेळ वाकून उभे राहिले.

"फिटर, हे साइड रॉड हाताचे?"

"मी ऐकून घेतलंय. हाताचं हाय."

"तसं नाही वाटत. भोकाच्या आत बघा, सगळ्या उभ्या रेघा आहेत. आणि हा इथला खळगा दिसतो का? लेसर इथून आत शिरलाय."

असा खळगा दिसला की मी कंपनीत तो भाग परत पाठवतो. हे मलाच सगळ्यात आधी कळायला हवं होतं. टेबलाभोवती माणसं जमली. बागाईतदार म्हणाले, "कसं शक्य आहे? फिटरांची खूण आहे खाली."

फिटरांनी हात पुढे केला. पाहुण्यांनी इंजिन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी करंगळीचं नख रॉडच्या भोकात घालून हळूच फिरवलं. मी चार हात अंतरावर बटाटेवड्याची बशी घेऊन उभा होतो. त्यांना कळलं तो क्षण मी पाहिला. नख थांबलं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणजे बघायचा प्रयत्न केला. मी कुठे उभा आहे हे त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे ते माझ्या डावीकडच्या खांबाकडे बघत राहिले. मी नुसतं "फिटर" म्हटलं असतं तरी त्यांना माझी दिशा सापडली असती. मी म्हटलं नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

"ते माझं काम हाय," फिटर म्हणाले. "साहेबांचे रॉड माझ्या हातनं मोडले. मला आता दिसत नाय. डोळे गेले माझे. मंग मीच बाहेरनं कापून आणले आन बसवले. त्यांचं बाकी सगळं हाताचं हाय."

पाहुण्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग पाहुणे अगदी हळुवारपणे म्हणाले, "होतं फिटर, वयानं होतं." आणि मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "मग गेल्या वर्षीचं ते वाफेचं इंजिन?" तेवढं पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत लोक आपापली इंजिनं उलटी करून तो गोलातला फ बघत होते, आणि बघायची तऱ्हा बदलली होती. वर्षानुवर्षं जमवलेलं नाव एका दुपारी गेलं. मी तोवर दुसरा वडा खाल्ला होता. का खाल्ला, सांगता येत नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं.

परतताना आम्ही दोघे एका रिक्षात होतो. द्वारकेला नेहमीसारखी गर्दी तुंबली होती. फिटर रिक्षावाल्याला म्हणाले, "डावीकडनं काढ, तिकडं ट्रक आडवा असंल." ट्रक खरंच आडवा होता, त्यांनी हॉर्नवरून ओळखलं असणार. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. इंजिन त्यांच्याच मांडीवर होतं. फाटकापाशी उतरताना म्हणाले, "साहेब, ते रॉड तारेला लावायचे राहिले. रविवारी या."

मी गेलो नाही. पहिल्या रविवारी सासरे आले होते, हे खरं होतं. दुसऱ्या रविवारी अंग दुखत होतं, हे तितकंसं खरं नव्हतं. पुढे कारण शोधायची गरजही पडेनाशी झाली. ग्रुपवर फिटरांच्या जुन्या इंजिनांबद्दल लोक काय काय लिहीत होते. सहानुभूतीने लिहीत होते, तेच वाचवत नव्हतं. मी एकदा लिहायला घेतलं, "खरं म्हणजे," एवढं लिहिलं आणि पुसलं. बागाईतदार दोनदा म्हणाले की रविवारी तिथे आता दुसरं कुणी फारसं येत नाही. मी म्हणालो, अरेरे.

पावसाळा संपता संपता काकूंचा फोन आला. ते दोघं घोटीला लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. "तुमचं इंजिन न्यायचंय ना भाऊ?"

मी विचारलं, "फिटर घरी कधी नसतात?"

काकूंनी पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "बुधवारी दहाला डॉक्टरांकडे असतील."

बुधवारी दहाला मी कंपनीतून सुट्टी काढून गेलो. भिंतींवरचे रूळ काढलेले होते, फळ्यांचे नुसते ठसे राहिले होते. काकूंनी एक खोका दिला. आत माझं इंजिन होतं, रॉड काढून ठेवलेलं. ते दोन लेसरचे रॉड कागदात वेगळे बांधलेले होते. आणि खाली एक चिकटवलेली जोडपट्टी होती, मोरचुदाने लाल झालेली, तिच्यावर रॉडचा आकार रेघांनी आखलेला.

"दोन दिवस बसून आखलीय," काकू म्हणाल्या. "चौकट चाचपून, बोटाच्या अंदाजानं. मला म्हणाले, वाकडी असली तर सांगू नको."

"आहे थोडी वाकडी."

"मग तुम्हीही सांगू नका," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. पाणीही विचारलं नाही. काकू पाणी न विचारता आत गेल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

ती पट्टी मी बरेच दिवस कपाटात ठेवली होती. मग एका रविवारी बाल्कनीत स्टूल टाकून बसलो. बाल्कनीच्या दाराला खिळा ठोकला आणि त्याला व्हर्निअर अडकवला. रेघा खूपच कललेल्या होत्या. मधलं भोक खाली उतरलं होतं. मला ती सहज सुधारता आली असती. मी त्यांच्याच रेघेला धरून घासलं, पुढे जाताना दाब देऊन, मागे येताना उचलून. दिवाळी गेली, थंडी पडली. शेवटी जोडी सुटी केली, तर दोन्ही रॉड सारखेच वाकडे निघाले.

मग पुन्हा मेळा आला. सगळ्यांसमोर मी माइक मागून घेतला आणि जे झालं होतं ते सांगितलं. रॉड मी कापून आणले होते, फिटर माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी वर्षभर गप्प राहिलो. पाठ करून गेलो होतो, तरी मधे दोनदा अडलो. पुण्याचे पाहुणे उठून म्हणाले, "कबूल करायला हिंमत लागते." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला! मी खाली बसलो तर शेजारी बागाईतदार होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. एवढंच म्हणाले, "वर्ष लागलं तुम्हाला?"

पुढच्या रविवारी मी घोटीला गेलो. फिटरांच्या जावयाची भाताची गिरणी आहे. घरभर कोंड्याचा वास होता. फिटर खिडकीशी खाटेवर बसले होते, खूप वाळले होते. खिडकीच्या लांब कट्ट्यावर हातभर रूळ टाकलेले होते. आणि खिडकीला तीच तार होती, सगळ्या तुकड्यांसकट घोटीला आणलेली.

माझं पाऊल वाजलं तशी त्यांनी मान वळवली. ह्या वेळी बरोबर माझ्याकडे.

"बागाईतदाराचा फोन आला होता," ते म्हणाले. "कशाला सांगितलंत?"

"तुमचं नाव..."

"माझ्या नावाचं मी बघितलं असतं. जन्मात एक खोटं बोललो, साहेब. तेबी तुम्ही टिकू दिलं नाय." ते खरोखर चिडले होते. "बोलायचं तर तिथंच बोलायचं. माझ्या आधी. मी किती वेळ थांबलो व्हतो तुमच्यासाठी."

मला ते माहीत होतं. तो वेळ मी रोज मोजतो. मी म्हणालो, "चुकलं माझं, फिटर. लाज वाटते."

"गाडी आणली का?"

मी इंजिन रुळावर ठेवलं, काकूंनी वायर जोडून दिली. फिटर उठले, पाठ केली, हात मागे बांधले. इंजिन निघालं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा अडकायचं, ठेचकाळायचं आणि पुढे जायचं. हातभर रूळ संपायला त्याला बराच वेळ लागला.

"लंगडतंय," फिटर म्हणाले.

"हो."

"कुणाच्या रेघेनं घासलं?"

"तुमच्या."

"मंग बरोबर लंगडतंय."

मी वाट बघत उभा राहिलो. कशाची, ते त्यांना कळत होतं आणि मलाही. ते दोन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. खाटेवर बसले आणि म्हणाले, "ते दुसरे दोन कुठं हाएत?"

लेसरचे रॉड माझ्या शर्टाच्या खिशात होते. कागदातून काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते अंगठ्याने एकदा चाचपले, परत माझ्याकडे दिले आणि उशीखालून स्क्रायबर काढला.

"नाव काढा."

मी खाली बसून, रॉड गुडघ्यावर धरून, माझं नाव कोरायला लागलो. लोखंडावर नुसते ओरखडे उठत होते. काकू आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कसंबसं नाव पुरं करून मी रॉड फिटरांना दिला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत, मग उलटा. बराच वेळ फिरवत राहिले.

"मला दिसत नाय, साहेब," ते म्हणाले, आणि रॉड माझ्या हातात परत ठेवला. "बोटाला लागलं पायजे. अजून खोल."